वर्गणी, पुरावा आणि ‘राजी’ : पुण्यात घडलेल्या एका स्वतंत्र व्हिडिओ गेमचा मागोवा (२०१७–२०२३)

मोठ्या कंपनीच्या आदेशावर न चालता एखाद्या लहान चमूने स्वतःच्या कल्पनेतून घडवलेल्या व्हिडिओ गेमला या व्यवसायात ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र गेम, असे म्हटले जाते. आणि असा गेम पुरा होण्याआधीच त्याच्या भावी खेळाडूंकडून थोडीथोडी रक्कम गोळा करून भांडवल उभारण्याच्या पद्धतीला ‘क्राउडफंडिंग’ हे नाव पडले आहे. मराठीत या पद्धतीसाठी ‘लोकवर्गणी’ हा शब्द आधीपासूनच आहे, आणि शब्द आहे त्याअर्थी त्यामागचा व्यवहारही जुना आहे. असे असूनही पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमसाठी २०१७ मध्ये केलेला लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, आणि तरीही तोच गेम तीन वर्षांनी जगभर प्रसिद्ध होऊन नावाजला गेला. या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची, हा या मागोव्याचा मुख्य प्रश्न आहे.

वर्गणीचा व्यवहार कशावर उभा असतो, हे समजून घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्याकडे पाहणे उपयोगी ठरते, कारण मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील या तालुक्यात, महाराष्ट्रातील इतर कोणत्याही ग्रामीण तालुक्याप्रमाणेच, जत्रा, हरिनाम सप्ताह आणि गणेशोत्सव आजही वर्गणीवरच पार पडतात. पावतीपुस्तक घेऊन दारी आलेली मंडळी देणाऱ्याच्या ओळखीची असतात, दिलेल्या रकमेची पावती तिथल्या तिथे फाडून हातात पडते, देणगीदारांची नावे रकमेसह मंदिराच्या फलकावर लागतात, आणि सप्ताह संपला की हिशेब वाचून दाखवला जातो. देणाऱ्याला मोबदला म्हणून काही मिळत नाही. परंतु ज्या कामासाठी पैसे दिले ते काम तो डोळ्यांनी पाहतो, आणि घेणारा उद्याही त्याच गल्लीत भेटणार असतो, म्हणून विश्वासाला वेगळ्या तारणाची गरज उरत नाही.

हीच पद्धत उद्योगासाठी वापरण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला पैसा फंड होय. स्वदेशीच्या चळवळीत माणसामागे एक पैसा, इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या वर्गणीतून जमलेल्या निधीवर १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला, आणि लोकमान्य टिळकांसारख्या नेत्याचा पाठिंबा असल्याने अनोळखी माणसांनाही आपला पैसा सुरक्षित हातांत आहे असे वाटले. गावाच्या वर्गणीत ओळख जे काम करते, ते पैसा फंडात चळवळीच्या नैतिक वजनाने केले. जिथे ओळखही नाही आणि चळवळही नाही, तिथे वर्गणी मागणाऱ्याने विश्वास कोठून आणायचा, हा प्रश्न त्या काळी सुटायचा राहिला. काही वर्षांनी तो एका वेगळ्या क्षेत्रात, चित्रपटात, नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या माणसापुढे उभा ठाकला.

दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढायचा होता. पण ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी हिंदुस्थानात बनलेला पूर्ण लांबीचा चित्रपट पाहिलेलाच नव्हता. तेव्हा त्यांनी १९१२ मध्ये एक दाणा पेरून त्याच्या वेलीच्या वाढीचे दिवसामागून दिवस चित्रण केले आणि थोड्याच वेळात अंकुराचे रोप होताना दाखवले. ही फीत लोकांच्या करमणुकीसाठी नव्हती; हे तंत्र आपल्याला साधले आहे, एवढाच पुरावा तिने द्यायचा होता, आणि तो पटल्यावर त्यांना कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या कामी आले, ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. पूर्ण कलाकृतीआधी तिचा एक लहानसा, परंतु खरा तुकडा दाखवून भांडवल मागण्याची ही रीत गेमच्या व्यवसायात ‘डेमो’ या नावाने ओळखली जाते, आणि ‘राजी’च्या कहाणीत तिचे महत्त्व केंद्रस्थानी आहे.

संगणकीय काळातील लोकवर्गणीला वळण लावले ते २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’ या सेवेने. तिचा नियम ‘पूर्ण किंवा शून्य’ असा आहे. म्हणजे प्रकल्प मांडणाऱ्याने आधी जाहीर केलेले लक्ष्य ठरलेल्या मुदतीत गाठले तरच रक्कम त्याच्या हाती पडते, अन्यथा कोणाच्याही खात्यातून पैसे वळते होत नाहीत. २०१२ मध्ये ‘डबल फाइन’ या अमेरिकन संस्थेने चार लाख डॉलर मागितले असता सुमारे ८७ हजार लोकांनी तेहेतीस लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि तेव्हापासून स्वतंत्र गेमसाठी हा राजमार्ग ठरला. भारतीय विषयावरील गेमलाही त्याचा लाभ झाला होता : पायरोडॅक्टिल या छोट्या भारतीय संस्थेने प्राचीन भारताच्या धर्तीवर कल्पिलेल्या ‘अनरेस्ट’ या गेमसाठी २०१३ मध्ये अवघे तीन हजार डॉलर मागितले, ३६ हजारांहून अधिक मिळवले आणि जुलै २०१४ मध्ये गेम प्रसिद्ध केला. त्याच काळात ‘मायटी नंबर नाइन’सारख्या गेमने अडतीस लाखांहून अधिक डॉलर जमवूनही २०१६ मध्ये देणगीदारांची घोर निराशा केली, त्यामुळे २०१७ पर्यंत देणारे हात पहिल्यासारखे मोकळे राहिलेले नव्हते.

अशा वेळी अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये पुण्यात नॉडिंग हेड्सची स्थापना केली. पुण्याला या व्यवसायाची पार्श्वभूमी होती, कारण २००८ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने गेमलॉफ्टचा तेथील स्टुडिओ आपल्याकडे घेतल्यापासून गेम घडवणारे मनुष्यबळ शहरात तयार होत होते. पण ते बहुतांशी परदेशात ठरलेल्या कल्पनांवर काम करत होते. ‘राजी’ची कल्पना इथलीच होती. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर शहरावर चाल करून येतात, मुलांना पळवतात, आणि कसरतीचे खेळ करून पोट भरणारी राजी ही मुलगी, दुर्गेने दिलेला त्रिशूळ हाती घेऊन, आपला धाकटा भाऊ गोलू याच्या शोधात निघते, असे तिचे कथासूत्र आहे.

हा गेम हाताळताना जाणवणारी सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यातील कथन आणि हालचाल ही दोन्ही भारतीय परंपरेतील रूपांतून घडवलेली आहेत. राजी शत्रूंच्या गराड्यात सापडली की खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या वेगाचाच घाव घालते. मराठी माणसाला ती हालचाल पाहताना मल्लखांबाची आठवण व्हावी, इतकी ती अंगात मुरलेली वाटते. राजस्थानी वास्तुशैलीतील महालांतून जाताना ती भित्तिचित्रांसमोर थांबली की विष्णू आणि दुर्गा त्या चित्रामागची कथा सांगू लागतात. काही ठिकाणी दगडी चकत्यांचे एकात एक बसवलेले मंडल असते. खेळाडूने त्यांची वर्तुळे फिरवून तुकडे जुळवले की राजी आणि गोलू यांच्या भूतकाळातील एखादे चित्र पूर्ण होते, म्हणजे कोडे सुटणे आणि कथा पुढे सरकणे हे एकाच कृतीत घडते. पार्श्वभूमीचा रंगविचार पहाडी लघुचित्रांवरून घेतलेला आहे आणि कथेतील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे मांडलेले आहेत. लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने भारतीय वाद्ये वापरून गेमला संगीत दिले.

इतकी तयारी असूनही २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टरवर मांडलेली मागणी लक्ष्यापर्यंत पोहोचली नाही, आणि ‘पूर्ण किंवा शून्य’ या नियमामुळे जमलेली रक्कमही संस्थेला मिळाली नाही. या अपयशाची कारणे व्यवहारात शोधली पाहिजेत. किकस्टार्टरवर प्रकल्प मांडण्याची मुभा ज्या देशांतील रहिवाशांना आहे त्यांत भारत नव्हता, म्हणजे भारतीय संस्थेला परदेशाच्या दारातूनच आत शिरावे लागे. आणि पैसे देणाऱ्याकडे परकीय चलनात व्यवहार करू शकणारे कार्ड हवे होते. युपीआय ही बँक खात्यांमधील तात्काळ देवघेवीची व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली होती, परंतु तिचा या सेवेशी संबंध नव्हता. त्यामुळे ज्या नांदगावात सप्ताहासाठी पाचशे रुपये सहज निघत, तेथील तरुणाला मनात असूनही या वर्गणीत भाग घेणे जवळजवळ अशक्य होते. ज्या समाजाच्या कथेतून गेम निर्माण होत होता, त्या समाजाच्या हाती पावतीपुस्तकच पोहोचले नाही, आणि ज्यांच्या हाती ते पोहोचले त्यांच्यासाठी पुण्यातील ही नवी संस्था सर्वस्वी अनोळखी होती.

परंतु वर्गणीसाठी केलेले काम वाया गेले नाही. प्रत्यक्ष खेळून पाहता येईल असा डेमो संस्थेने त्या वेळी लोकांपुढे ठेवला होता, आणि फाळक्यांच्या फितीप्रमाणे त्याने पुराव्याचे काम केले. गेम ज्या पायाभूत प्रणालीवर उभारला जातो तिला ‘इंजिन’ म्हणतात. ‘राजी’साठी वापरलेल्या अनरियल इंजिनची निर्माती कंपनी एपिक गेम्स हिने या प्रकल्पाला विकासासाठी अनुदान दिले, आणि पुढे ‘सुपर डॉट कॉम’ ही कंपनी प्रकाशक म्हणून पाठीशी उभी राहिली. गेमच्या व्यवसायातील प्रकाशक पुस्तकाच्या प्रकाशकासारखाच असतो. तो उरलेल्या कामासाठी आगाऊ पैसा, चाचणी आणि प्रसिद्धी पुरवतो आणि विक्रीत वाटा घेतो. अनेकांनी थोडेथोडे देण्याऐवजी थोड्यांनी पुष्कळ दिले, इतकाच फरक झाला; दोन्ही वेळी मागणीचा आधार तोच डेमो होता.

१८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ प्रथम निंटेंडो स्विच या कन्सोलवर, म्हणजे केवळ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रावर, प्रसिद्ध झाला, आणि १५ ऑक्टोबरला संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर आला. स्विच हे यंत्र त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते, त्यामुळे भारतीय गेमचे पहिले खेळाडू बहुतांशी परदेशातील ठरले. स्विचवरील प्रकाशनानंतर दोनच आठवड्यांनी, २ सप्टेंबर २०२० रोजी, भारत सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली आणि देशी गेम हवेत अशी चर्चा सर्वत्र सुरू झाली. परंतु ज्या तरुणांत ती चर्चा चालली होती ते मोबाइलवर खेळणारे होते, आणि ‘राजी’ हा देशी गेम मोबाइलवर नव्हता. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय सोहळ्यात पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळाले, पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला. समीक्षकांनी चित्रकलेची व वातावरणाची वाखाणणी केली. त्याचबरोबर लढाईतील सफाईची उणीव आणि शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटणे या दोषांवरही बोट ठेवले.

संस्थेने ही टीका मनावर घेतली. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत कथेतील दृश्ये नव्याने घडवली गेली आणि पात्रांना हिंदी आवाज मिळाले, आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी हा गेम मोबाइलवर उपलब्ध झाला. दुर्गा आणि विष्णू यांनी आधी इंग्रजीतून सांगितलेली कथा भारतीय भाषेत यायला दोन वर्षे लागली, आणि नांदगावच्या तरुणाच्या हातातील यंत्रावर ती पोहोचायला आणखी एक वर्ष जावे लागले. महाराष्ट्रात घडलेल्या या गेमला मराठी आवाज मात्र मिळाला नाही.

या सहा वर्षांचा हिशेब मांडताना एक गोष्ट ठळकपणे जमेच्या बाजूला लिहावी लागते : पहिल्या मागणीत पैसा आला नाही, पण त्या मागणीसाठी घडवलेला पुरावा शेवटपर्यंत कामी आला. उणे बाजूला लिहावी लागते ती भाषेची आणि चलनाची दरी, जिच्यामुळे वर्गणीची सवय अंगवळणी पडलेला समाज आपल्याच कथेच्या वर्गणीबाहेर राहिला. यांपैकी चलनाची अडचण आता पुष्कळ सैल झाली आहे, कारण नांदगावच्या बाजारातील भाजीच्या गाड्यावरही युपीआयचा चौकोनी ठसा लावलेला दिसतो आणि पन्नास-शंभर रुपये दूरच्या माणसाला पाठवणे नित्याचे झाले आहे. मराठीतून बोलणारा, रुपयांत वर्गणी मागणारा आणि देणगीदारांची नावे मंदिराच्या फलकाप्रमाणे आपल्या श्रेयनामावलीत लावणारा स्वतंत्र गेम घडवायचा असेल, तर पैसे देण्याची वाट तयार आहे आणि देण्याची सवय त्याहून जुनी आहे. अशा गेमच्या चमूने पावतीपुस्तक छापण्याआधी करायचे काम फाळक्यांनी १९१२ मध्ये केले तेच आहे : दाणा पेरायचा, आणि त्यातून उगवलेला अंकुर लोकांना दाखवायचा.