वीस तासांचा जंतू

पुण्यातली एक संशोधन संस्था, सकाळचे साडेनऊ. पीएच.डी.ला नुकतीच लागलेली एक मुलगी बायोसेफ्टी कॅबिनेटसमोर बसली आहे. हातांत मोज्यांचे दोन थर. समोरच्या नळीत जंतू नाहीत, नुसतं पाणी आहे आणि त्यात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग. हे पाणी पिपेटने सहा नळ्यांत भरायचं, झाकणं लावायची, मोजे काढायचे. काम एवढंच.

"झालं, ताई."

शेजारी उभी असलेली सीनियर खोलीतले दिवे घालवते आणि अतिनील दिवा लावते. नळ्यांच्या रॅकवर दोन हिरवे ठिपके दिसतात, कॅबिनेटच्या काठावर एक. मुलीच्या डाव्या मनगटावर मात्र बोटभर लांब हिरवी रेघ आहे. मुलगी तिच्याकडे बघतच राहते.

कोणी रागावत नाही. "मोजा ओढून काढलास. बाहेरची बाजू कातडीला लागली. आतून बोट घाल आणि उलटवत आण. हे बघ, असा." मुलगी नवे मोजे घालते. पुन्हा पाणी, पुन्हा दिवा. या वेळी रेघ लहान आहे, पण आहे. तिसऱ्यांदा नळ्या मांडल्या जातात. मनगट दर वेळी कोरडं राहू लागलं की तिला मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस मिळेल. हा क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद. त्याच्यावर हात बसला की मगच कॉरिडॉरच्या टोकाचं दार.

त्या दाराआड खरा जंतू आहे. १९०५ साली अमेरिकेतल्या एका रुग्णापासून वेगळा केलेला आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला गेलेला एच३७आरव्ही हा वाण. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर सोडायची ती हेपा फिल्टरमधून गाळून. काम झालं की सगळा कचरा ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांवर. एकट्याने आत जायचं नाही, असा नियम आहे. काचेतून मला दोघं दिसतात. एक पिपेट धरून बसलेला, दुसरी त्याच्या हातांवर नजर ठेवून. बोलणं जवळपास नाहीच.

ते मॅक्रोफेजना क्षयाची लागण करत आहेत. मॅक्रोफेज म्हणजे आपल्या शरीरातली जंतू गिळणारी पेशी. गिळलेला जंतू एका पिशवीत जातो, त्या पिशवीला पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू मरतो. क्षयाचा जंतू हे मिलनच अडवतो आणि त्याला मारायला निघालेल्या पेशीतच मुक्काम ठोकतो. तरीही लागण झालेल्या दहा जणांपैकी नऊ जण आयुष्यभरात कधी आजारी पडत नाहीत. त्या नऊ जणांच्या पेशी नेमकं काय करतात? या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक प्रबंधाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात असताना तो इथेच विचारला जायला हवा, असं मला वाटतं.

पेशी जंतू गिळते हे एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे ओळखलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा टोचला आणि त्याभोवती जमलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ओडेसाला त्यांच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन पुढे मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेसमोरून जाताना मला लशीइतकीच ही गुरुशिष्यांची साखळीही आठवते.

दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमच्या टेबलावर प्लेट्स येतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने चार आठवड्यांपूर्वी पेरलेल्या, काही औषध घालून, काही तुलनेसाठी औषधाविना, म्हणजे कंट्रोल. काहींवर क्षयाच्या जंतूच्या खरबरीत, फिकट पिवळसर वसाहती आहेत. बाकीच्यांवर करडी बुरशी पसरली आहे.

"कंट्रोल वाचले का?"

"कंट्रोल सगळे वाचले, मॅडम. औषध घातलेल्यांतली एकच प्लेट मोजता येते."

"एका प्लेटवर आकडा देता येईल?"

मुलगा थोडा वेळ गप्प बसतो. ती एक प्लेट त्याला हवं तेच उत्तर देते आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मग मान हलवतो. "नाही."

"मीडियाची ही बॅच न पेरता इन्क्युबेटरमध्ये ठेवून पाहिली होतीस?"

"नाही, मॅडम."

"तेही लिही."

तो लॅब नोटबुक उघडतो आणि पेनाने लिहितो: बुरशी, मोजणी रद्द, बॅच तपासली नव्हती. खाली तारीख आणि सही. मॅडम शेजारी आपली सही करतात. मोजे काढण्याची रीत कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत शिकता येते. हवं ते उत्तर देणारी प्लेट बाजूला ठेवायची सवय मात्र अशा टेबलाशीच लागते, आणि पीएच.डी. त्यासाठीच असते असं माझं मत आहे.

आता त्याला सगळं नव्याने लावायचं आहे. पोषक परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. पेशी वाढवणं, लागण, पेरणी, मोजणी धरून एका प्रयोगाला महिन्याहून अधिक काळ जातो आणि तोच प्रयोग किमान तीनदा तसाच यावा लागतो. कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आहे, आणि पुढचा वरिष्ठ टप्पा धरून विद्यावेतन सहसा पाच वर्षांसाठी असतं. जंतूची चाल कोणाला वाढवता येणार नाही. निधी मंजूर करणाऱ्यांनी विद्यावेतन तरी महिन्याच्या महिन्याला हातात पडेल एवढं पाहावं. आणि तुमच्या घरात, नात्यात असा कोणी शिकत असेल, तर "कधी संपणार?" असं विचारण्याआधी तो कोणता जंतू वाढवतो आहे, ते विचारा.