लिटल मॉर्टन हॉल : टप्प्याटप्प्याने वाढलेले घर

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील लिटल मॉर्टन हॉल हे खंदकाने वेढलेले घर प्रथमच पाहणाऱ्याला ते आता कोसळेल असे वाटते. भिंती कललेल्या, तुळया वाकलेल्या. तरीही ते पाच शतके उभे आहे. ते का वाकले आणि तरीही का टिकले, हे समजून घेतले की ट्यूडर काळातील (इ. स. १४८५ ते १६०३) लाकडी वास्तुरचना उलगडते.

या घराचा भार भिंती वाहत नाहीत, ओकच्या लाकडाचा सांगाडा वाहतो. ओक ओला असतानाच कापीत, कारण वाळल्यावर तो फार कठीण होतो. एका लाकडात खाच आणि दुसऱ्याला तीत बसणारी जीभ कोरून सांध्यात लाकडी खुंटी ठोकीत. लाकूड जागेवरच वाळे आणि वाळताना थोडे पिळवटे. सांगाड्यातील मोकळ्या जागा काटक्यांचे विणकाम करून त्यावर माती, शेण व गवत लिंपून भरीत. कोकणातील कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही. आपल्याकडे वाड्याचे माप खणांत सांगतात. इंग्रज सुतारही दोन चौकटींमधील अंतरानेच घर मोजीत.

मॉर्टन कुटुंबाने हे घर एकदम बांधले नाही. मधले मोठे दालन साधारण १५०४ ते १५०८ मधले. पुढे सुमारे शंभर वर्षे भर पडत गेली. अंगणाकडील खिडक्यांवर १५५९ हे वर्ष, मालकाचे नाव आणि रिचर्ड डेल या सुताराचेही नाव कोरलेले आहे. त्यात ‘कार्पेंटर’ हा शब्द ‘कार्पेडर’ असा आहे. इंग्रजी लेखनाचे नियम तेव्हा स्थिर झालेले नव्हते. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याला घाईने अशुद्ध म्हणू नये. मला तर या घरातील सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो.

१५६० नंतर दक्षिणेकडची बाजू उभी राहिली. तिच्या माथ्यावरची सुमारे २१ मीटर लांबीची दीर्घिका बहुधा मूळ आराखड्यात नव्हती. तिच्यावर जड दगडी फरशांचे छप्पर आले आणि त्या ओझ्याने खालचे मजले दबले. भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत म्हणून छताच्या कमानींमध्ये आडव्या तुळया घालाव्या लागल्या. घराचा वाकडेपणा आला तो मुख्यतः येथून.

सतराव्या शतकातील यादवी युद्धात मॉर्टन राजाच्या बाजूने होते. ते कर्जात बुडाले आणि पुढे घर शेतकरी कुळांना भाड्याने दिले गेले. नव्या पद्धतीने ते पुन्हा बांधण्याइतका पैसा कोणाकडे नव्हता. त्यामुळेच जुना सांगाडा शाबूत राहिला. १९३८ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आले.

एक प्रश्न मात्र दुरुस्ती करणाऱ्यांपुढे राहतोच. आज आपण पाहतो ती काळी लाकडे आणि पांढरी भिंत ही बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील आवड आहे. मूळ ओक तसाच ठेवीत, तो रुपेरी करडा होई. मधला भाग पिवळसर मातकट रंगाचा असे. मग जपावे कोणते रूप? माझ्या मते काळा रंग खरवडून काढू नये. तोही आता या घराच्या इतिहासातील एक थर आहे. तुमचे मत वेगळे असल्यास ते कारणांसह वहीत लिहून ठेवा.