गर्दीच्या अंगावरचे कपडे

फुटबॉलच्या जुन्या सामन्यांची छायाचित्रं पाहताना माझी नजर अलीकडे खेळाडूंवर ठरत नाही, मागच्या गर्दीकडे जाते. इंग्लंडमधल्या छायाचित्राखाली साल छापलेलं नसलं, तरी प्रेक्षकांच्या कपड्यांवरून दशक सांगता येतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गर्दीत सपाट टोप्या आणि कोट दिसतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बारीक कापलेली डोकी, गॅलस आणि जाड तळाचे डॉक्टर मार्टेन बूट येतात. सत्तरच्या दशकात पायघोळ बेलबॉटम आणि मनगटाला बांधलेले क्लबच्या रंगांचे मफलर. आणि १९८०च्या आसपास एक चमत्कारिक गोष्ट घडते. तरुणांच्या अंगावरून क्लबचे रंगच नाहीसे व्हायला लागतात.

ही गर्दी उभी असे ती ‘टेरेस’वर. मराठीत टेरेस म्हणजे गच्ची. इथे अर्थ वेगळा. गोलमागे किंवा मैदानाच्या कडेला काँक्रीटच्या रुंद, उतरत्या पायऱ्या, मधेमधे रेलायला लोखंडी कठडे, खुर्ची एकही नाही. तिकीट स्वस्त, जागा ठरलेली नाही. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावरची अशी जागा ‘कॉप’ म्हणून गाजली. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीचं. जानेवारी १९००मध्ये बोअर युद्धात तिथे असंख्य ब्रिटिश सैनिक पडले, त्यांत लँकेशरचे पुष्कळ होते. त्याच लढाईतले जखमी डोलीवरून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तालमीच्या संघासाठी घसा बसवलेल्या वाचकांना, गर्दीत आपली जागा असणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मग रंग गेले कुठे? एक कारण अगदी व्यवहारी होतं. मारामारी करणारे कोण, हे ओळखायला पोलीस बूट आणि मफलर पाहत. महागडा स्वेटर घातलेला पोरगा त्यांच्या नजरेतून सुटे. दुसरं कारण प्रवासाचं. लिव्हरपूलनं १९७७मध्ये रोमला युरोपियन कप जिंकला, १९८१मध्ये पॅरिसला. संघामागे युरोपभर हिंडणारी पोरं तिथल्या दुकानांतून, इंग्लंडात सहसा न मिळणारे आदिदासचे बूट आणि फिला, लाकोस्त, सर्जिओ ताकिनी यांचे कपडे घेऊन परतली. सगळं विकत घेतलेलं नव्हतं, हेही त्यांच्यातलेच आज मोकळेपणी सांगतात. फिला बोर्ग घालायचा, ताकिनी मॅकेन्रो. म्हणजे टेनिस क्लबातला पोशाख गोदी कामगारांच्या पोरांच्या अंगावर आला, आणि तोही शहरात बेकारी कळसाला पोचली असताना. १९८२मध्ये रॉबर्ट वेड स्मिथ यांनी लिव्हरपुलात खास अशा बुटांचं दुकान थाटलं, ते याच मागणीच्या जोरावर.

लिव्हरपुलात या पोरांना ‘स्कॅली’ म्हणत, मँचेस्टरमध्ये फ्रेड पेरीच्या शर्टांवरून ‘पेरी बॉइज’. पुढे सगळ्यांना मिळून ‘कॅज्युअल’ हे नाव चिकटलं. आपणच पहिले, असं प्रत्येक शहर म्हणतं. या आठवणींची पुस्तकं वाचताना मी सावध असतो. चाळीस वर्षांनी बोलणारा प्रत्येक जण पहिला असतो, आणि बुटाचा रंग आठवणाऱ्याला त्या बुटानं कोणाला लाथ मारली हे आठवत नाही. बायकांचा तर त्यांत पत्ताच नाही. हिंसा खरी होती. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी हल्ला केला, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. त्यांतली बहुतेक युव्हेंटसची इटालियन चाहते होती.

पण त्यानंतर सरकार, पोलीस आणि वृत्तपत्रं यांना टेरेसवरचा प्रत्येक माणूस सारखाच दिसू लागला. कपड्यांवरून ओळखता येईना, तेव्हा संशय सगळ्यांवर गेला. मैदानाकडेची लोखंडी जाळी आधीपासून होतीच, ती गर्दीला मैदानाबाहेर ठेवण्यासाठी. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्याला पोलिसांनी बाहेरचं मोठं फाटक उघडलं, लोक आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरले आणि पुढचे जाळीला चिरडले गेले. एकूण ९७ जणांचा बळी गेला. शेवटचा मृत्यू २०२१मध्ये झाला. ‘द सन’नं चौथ्या दिवशी पहिल्या पानावर ‘सत्य’ असं शीर्षक देऊन चाहत्यांनीच मृतांचे खिसे कापल्याचं छापलं. चाहत्यांच्या वागण्याचा या मृत्यूंशी संबंध नव्हता आणि ते बेकायदा घडवलेले मृत्यू होते, हा ज्युरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडलं.

न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९०च्या अहवालानंतर मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या आल्या. ३० एप्रिल १९९४ रोजी कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. लिव्हरपूल त्या दिवशी नॉरिचकडून हरलं. तिकिटं महागली, आणि टेरेसवरचे ते जुने बूट कंपन्या ‘मूळ नमुना’ म्हणून पुन्हा विकू लागल्या.

माझ्या संग्रहातलं एक छायाचित्र मात्र त्या एप्रिलचं आहे. हिल्सबरोनंतर आठवड्याभरानं लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांच्या मैदानांच्या दरम्यान, स्टॅन्ली पार्क ओलांडून, लोकांनी मफलरला मफलर बांधत मैलभर लांब माळ केली. कपाटातून काढलेले जुने मफलर. तांबडे आणि निळे, एकमेकांना गाठ मारलेले.