दात सरकतो हाडाच्या मर्जीने

तारा एकाच दिवशी बसतात, तरी वरच्या दाढा सहज सरकतात आणि खालच्या हटून बसतात. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र. खालच्याचं बाहेरचं कवच जाड, घट्ट.

दाबाच्या बाजूला काही पेशी हाड खातात, ताणाच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं घडवतात, म्हणून दात हलतो. कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. घट्ट हाडात हे काम संथ चालतं. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, एवढाच वेग.

जोर वाढवला तर? रक्तपुरवठा तुटतो, दात अडतो, मुळंही झिजू शकतात. घाईला आलेल्या पालकांना हे नीट समजावायलाच हवं.

हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांनी ते आधीच दंतवैद्यांना सांगावं. हे औषध हाड खाणाऱ्या पेशींनाच रोखतं.