सौरवाताच्या प्रवाहांतील बदल आणि अवकाशयानांची निरीक्षणे : कुलाबा वेधशाळा ते आदित्य-एल १

प्रस्तावना

सूर्यापासून सर्व दिशांना अखंड बाहेर पडणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहास सौरवात असे म्हणतात. युजीन पार्कर यांनी १९५८ साली त्याचे सैद्धांतिक प्रतिपादन केले आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने प्रवासात सातत्याने केलेल्या मोजणीतून त्याचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध झाले. पाठ्यपुस्तकांत सौरवाताचा वेग सेकंदाला ४०० कि.मी. असा एकाच आकड्यात सांगितला जातो. ही सोय विद्यार्थ्याची दिशाभूल करणारी आहे. मरिनर-२ ला पहिल्याच खेपेस दिसला तो एकसारखा वारा नव्हे, तर मंद व जलद प्रवाहांची आलटून पालटून येणारी मालिका होय. आणि ही मालिका सुमारे २७ दिवसांनी पुन्हा येत होती. पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या परिवलनाचा काळही तेवढाच आहे.

कुलाब्याची नोंद

अवकाशयानांच्या शंभर वर्षे आधी या प्रवाहांचा परिणाम महाराष्ट्रात मोजला गेला होता, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून भूचुंबकीय निरीक्षणे होत होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर ज्वाला पाहिली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले आणि कुलाब्याच्या उपकरणावर क्षैतिज चुंबकीय घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना व सहकाऱ्यांनी २००३ साली या जुन्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. तासाची सरासरी काढल्यास ही घट बरीच कमी भरते आणि तिच्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, साडेसतरा तासांत १५ कोटी कि.मी. अंतर कापले गेले म्हणजे सरासरी वेग सेकंदाला २३०० कि.मी.हून अधिक होता, हे साधे गणित कोणासही करता येते. नेहमीच्या मंद सौरवातास याच अंतरासाठी चार दिवसांहून अधिक काळ लागतो.

मुंबईत विजेवरील ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्यात आली. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन नोंदींचे सातत्य राखले गेले. दीर्घकालीन सौर बदलांचा अभ्यास अशा अखंड नोंदींवरच उभा राहतो.

प्रवाह का बदलतात?

१९७३-७४ मध्ये स्कायलॅबच्या क्ष-किरण छायाचित्रांवरून स्पष्ट झाले की सूर्याच्या प्रभामंडलात काही भाग काळे दिसतात. या भागांना करोनल होल म्हणतात. तेथील चुंबकीय बलरेषा सूर्याकडे परत न वळता अवकाशात खुल्या होतात व त्या वाटेने सेकंदाला ६०० ते ८०० कि.मी. वेगाचा जलद, विरळ प्रवाह सुटतो. मंद प्रवाह अधिक दाट असतो. त्याच्या उगमाचा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

सूर्य फिरत असल्याने जलद प्रवाह पुढच्या मंद प्रवाहास मागून गाठतो आणि दोहोंच्या सीमेवर कण व चुंबकीय क्षेत्र दाबले जातात. १९७४ व १९७६ साली सोडलेल्या हेलिऑस यानांनी सूर्याजवळ या सीमा अत्यंत तीक्ष्ण असल्याचे दाखविले. पृथ्वीपर्यंत येता येता त्या पसरट होतात. म्हणजे एकच प्रवाह निरनिराळ्या अंतरांवर निरनिराळा दिसतो, आणि एका यानाच्या आकड्यांवरून त्याचे पूर्ण चित्र मिळत नाही.

युलिसिस यानाने १९९४-९५ मध्ये सूर्याच्या दोन्ही ध्रुवांवरून जाताना तेथे सुमारे ७५० कि.मी. वेगाचा स्थिर प्रवाह पाहिला. तेव्हा सौरचक्र शांततेकडे झुकले होते. २०००-०१ च्या फेरीत, सौर क्रियाशीलता शिखरावर असताना, ही सुबक रचना विस्कटलेली आढळली. ११ मे १९९९ रोजी तर सौरवाताची घनता दर घन सेंटिमीटरला ०.२ कणांहूनही कमी झाली (एरवी ती ५ च्या आसपास असते). अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील पी. जनार्दन व सहकाऱ्यांनी या घटनेचा संबंध सूर्यबिंबाच्या मध्याजवळील एका क्रियाशील क्षेत्रालगतच्या लहान करोनल होलशी जोडला. २०१८ मध्ये सोडलेल्या पार्कर सोलर प्रोब यानाने सूर्याजवळच्या प्रवाहात चुंबकीय क्षेत्राची दिशा अचानक उलटण्याचे असंख्य प्रसंग टिपले.

आदित्य-एल १ आणि पूर्वसूचनेची मर्यादा

२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले आदित्य-एल १ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख कि.मी.वरील कक्षेत स्थिरावले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली घडली. सौरवाताचे कण ‘ॲस्पेक्स’ व ‘पापा’ ही उपकरणे मोजतात, तर चुंबकीय क्षेत्र मॅग्नेटोमीटर मोजतो. मे २०२४ मधील तीव्र वादळाच्या वेळी लडाखमधील हान्ले येथूनही आकाशात लाल आभा दिसली. त्या प्रवाहाची नोंद या यानाने केली.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. वादळाची तीव्रता केवळ वेगावर नव्हे, तर प्रवाहासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे की नाही यावर मुख्यत्वे अवलंबून असते. ही दिशा प्रवाह यानापाशी पोहोचेपर्यंत खात्रीने कळत नाही. ४०० कि.मी. वेगाच्या प्रवाहास यानापासून पृथ्वीपर्यंत यावयास सुमारे एक तास लागतो, ७०० कि.मी. वेगास जेमतेम ३६ मिनिटे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था चुंबकीय वादळामुळे दीड-दोन मिनिटांत कोलमडली व सुमारे ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. यवतमाळसारख्या २० अंश अक्षांशाच्या परिसरात असा धोका त्या मानाने कमी असला, तरी तो मुळीच नाही असे समजणे धाडसाचे ठरेल. कुलाबा तर याहून दक्षिणेस आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने पाहता आदित्य-एल १ ची विज्ञानविषयक माहिती इस्रोने अभ्यासकांसाठी खुली केली आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपूरलाच आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने सौरवाताच्या वेगाचे २७-२७ दिवसांचे आलेख एकाखाली एक मांडले, तर तोच जलद प्रवाह दोन-तीन परिवलनांत कसा रुंदावतो, सरकतो व अखेरीस नाहीसा होतो, हे त्यास संगणकाखेरीज अन्य कोणत्याही साधनाविना पाहता येईल.