सूत, चाती आणि ४८ तास

आठ तासांत १६ हजार फूट सूत निघालं पाहिजे. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. ते वजनाला हलकं, इकडून तिकडे नेता येईल असं आणि खेड्यातल्या बाईला फार न थकता चालवता येईल असं हवं. वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि वर्षाकाठी डागडुजीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं, तेव्हाच्या या अटी. त्या काळातले एक लाख! किर्लोस्करवाडीतही या स्पर्धेसाठी यंत्र तयार झालं. पण सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा चरखा कुणालाच साधला नाही आणि बक्षीस तसंच राहिलं.

तरी चरख्यावरचा विचार थांबला नाही. येरवड्याच्या नावाने ओळखला जाणारा, पेटीत मावणारा दोन चाकांचा चरखा, दोन्ही हात मोकळे ठेवणारा पायाने चालवायचा मगन चरखा, मॉरिस फ्रिडमन यांची धनुष तकली ही सगळी त्याच काळातल्या डोक्यांची आणि हातांची करामत. वर्ध्यात मगनवाडीला जे मगन संग्रहालय आहे, त्याचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केलं. तिथले चरखे नीट पाहिले, तर अटींच्या चौकटीत अडकलेला माणूस किती कल्पक होतो याचा पुरावाच समोर उभा राहतो.

ठरलेला विषय, मोजका वेळ, तुटपुंजी साधनं आणि शेवटी चालवून दाखवता येईल अशी वस्तू. संगणकावर खेळ बनवणारी तरुण मंडळी आज हेच करतात आणि त्याला ‘गेम जॅम’ म्हणतात. विषय जाहीर होतो, घड्याळ सुरू होतं आणि बहुतेक ठिकाणी ४८ तासांत शून्यातून खेळ उभा करायचा असतो. ‘लुडम डेअर’ हा इंटरनेटवरचा जॅम २००२ पासून चालत आला. ‘ग्लोबल गेम जॅम’ पहिल्यांदा २००९ च्या जानेवारीअखेर भरला, तेव्हा २३ देशांतल्या ५३ ठिकाणी मिळून ३७० खेळ तयार झाले. भारतात नॅसकॉमच्या परिषदेच्या निमित्ताने ‘बिल्ड युअर ओन गेम’ हा जॅम होत असे. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ‘टॉयकेथॉन’मध्ये तर भारतीय संस्कृतीवर आधारलेली खेळणी आणि खेळ हाच विषय होता. त्याची अंतिम फेरी २२ ते २४ जूनला झाली, आणि करोनामुळे ती ऑनलाइन घ्यावी लागली.

पहिल्यांदाच जॅमला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात बहुधा बंदुका, मोठा नकाशा आणि दहा शत्रू असतात. रविवारी दुपारी त्यातला एकही शत्रू धड चालत नसतो. अशा नवख्यांसाठी सर्वांत भरवशाचा प्रकार म्हणजे भौतिकशास्त्राच्या नियमावर चालणारा कोड्याचा खेळ. वस्तू पडते, घरंगळते, ताणली जाते, तुटते. एवढ्या भांडवलावर गंमत उभी राहते, कारण खेळणाऱ्याला हे नियम जन्मापासून ठाऊक असतात. त्याला सूचना वाचून दाखवाव्या लागत नाहीत.

याचे दाखले ठसठशीत आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात काइल गॅबलर, काइल ग्रे, मॅट कुचिक आणि शालीन शोधन या चार विद्यार्थ्यांनी स्वतःला नियम घालून घेतला, की प्रत्येक खेळ एकट्याने आणि सात दिवसांच्या आत बनवायचा. एका सत्रात पन्नासांहून अधिक खेळ झाले. त्यातल्या गॅबलरच्या ‘टॉवर ऑफ गू’मध्ये चिकट गोळे एकमेकांना जोडून डुलणारा मनोरा रचायचा होता. त्याचंच पुढे २००८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ गू’ झालं आणि ते जगभर खेळलं गेलं. फिनलंडच्या पेत्री पुर्होने खडूने काढलेल्या चौकटी खऱ्या वस्तूंसारख्या पडतात, एवढ्या एका कल्पनेवर ‘क्रेयॉन फिजिक्स’चा पहिला नमुना पाच दिवसांत केला. २००८ च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात त्याच्या सुधारित आवृत्तीला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१३ च्या ग्लोबल गेम जॅमला विषय म्हणून फक्त हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता. त्यावरून लंडनच्या एका गटाने धांदरट हातांनी शस्त्रक्रिया करायचा ‘सर्जन सिम्युलेटर’ बनवला. काही महिन्यांत तो विक्रीलाही आला.

पडणं-आपटणं संगणकाला शिकवायचं काम आता कुणाला मुळापासून करावं लागत नाही. एरिन कॅटो यांनी लिहून खुलं केलेलं ‘बॉक्स टूडी’ हे इंजिन मोफत मिळतं. ‘अँग्री बर्ड्स’मधले पक्षी त्याच्यावरच उडायचे. २०११ च्या एका परिषदेत ‘अँग्री बर्ड्स’वाल्या कंपनीचं भाषण संपल्यावर श्रोत्यांतून एकाने विचारलं, की तुम्ही कोणतं इंजिन वापरता? ‘बॉक्स टूडी’ असं उत्तर आलं. मग त्या इंजिनाच्या कर्त्याचं नाव खेळात द्याल का, असा पुढचा प्रश्न आला. विचारणारे स्वतः कॅटोच होते. फुकट मिळालेल्या साधनाच्या कर्त्याचं नाव घेणं ही रीत जॅममधल्या प्रत्येक गटाने पाळावी.

विद्यार्थ्यांसाठी आज सोयीचं साधन म्हणजे ‘गोडॉट’. अर्जेंटिनात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. भौतिकशास्त्राचा हिशेब ते सेकंदाला साठ वेळा करतं. प्रत्येक वेळी वेगात गुरुत्वाकर्षणाची भर टाकायची, वेगाप्रमाणे वस्तू सरकवायची, कोण कुणावर आदळलं ते पाहायचं आणि त्यांना अलग करायचं. त्यात गुरुत्वाकर्षण मुळातच ९८० ठेवलेलं असतं. शंभर पिक्सेल म्हणजे एक मीटर धरलं, की शाळेत पाठ केलेले ९.८ तिथे भेटतात.

या हिशेबात एक खड्डा आहे आणि नवखे त्यात हमखास पडतात. सेकंदाला १२०० पिक्सेल वेगाने जाणारा बारीक गोळा दर हिशेबाला २० पिक्सेल पुढे जातो. वाटेत १० पिक्सेल जाडीची भिंत असेल, तर एका क्षणी तो भिंतीच्या अलीकडे असतो आणि पुढच्या क्षणी पलीकडे. मधली टक्कर संगणकाला दिसतच नाही. भिंत जाड करणं, वेग कमी ठेवणं किंवा सलग तपासणीची सोय चालू करणं हे त्यावरचे उपाय. ४८ तासांत पहिला उपाय सर्वांत स्वस्त पडतो.

आता वर्ध्याच्या विद्यार्थ्याने कोणता नियम निवडावा? त्याच्या गावात तो नियम काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला आहे.

चरख्याचं मोठं चाक माळेने चातीला, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या सळईला, फिरवतं. चाक २४ इंचांचं आणि चातीवर माळ बसते तो भाग अर्ध्या इंचाचा धरला, तर चाकाच्या एका फेऱ्याला चाती ४८ वेळा फिरते. पेटी चरख्यात चाकं लहान असतात, म्हणून तिथे वेग दोन टप्प्यांत वाढवला आहे. मोठं चाक छोट्याला फिरवतं, छोटं चातीला, आणि दोन्ही पटींचा गुणाकार होतो. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, मागे ओढत न्यायचा. चातीच्या फेऱ्यांनी तंतूंना पीळ बसतो आणि पीळ बसला की तंतू एकमेकांना धरून राहतात. हात घाईने मागे गेला तर पीळ कमी पडून धागा सुटतो. हात रेंगाळला तर जादा पिळाने सुताला आकड्या पडतात. सूत कातताना दोन हातांच्या वेगांचं प्रमाण सांभाळावं लागतं, आणि चांगल्या कोड्याच्या खेळालाही एवढंच लागतं.

हा धागा पडद्यावर आणायची युक्तीही सुंदर आहे. सूत म्हणजे वीस ठिपक्यांची ओळ समजायची. प्रत्येक ठिपक्याने दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या, आपली आत्ताची जागा आणि क्षणापूर्वीची जागा. दोन्हींतला फरक म्हणजेच वेग, तो वेगळा साठवायची गरज नाही. त्या फरकाएवढं ठिपक्याला पुढे न्यायचं आणि थोडं खाली ओढायचं. मग शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर तपासायचं. ते १० पिक्सेल हवं असताना १४ झालं असेल, तर जादाचे चार वाटून दोघांना दोन-दोन पिक्सेल एकमेकांकडे सरकवायचं. एक जोडी दुरुस्त झाली की शेजारची बिघडते, म्हणून सगळ्या ओळीवरून हा हात पाच-दहा वेळा फिरवायचा. एवढ्यावर पडद्यावरचं सूत झोके घेतं, लोंबतं, ताठ होतं. अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ती जोडणी काढून टाकायची, म्हणजे सूत तुटलं. आत्ताची आणि क्षणापूर्वीची जागा यांवरून पुढची जागा काढायची ही रीत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये द्रवातल्या रेणूंच्या हालचालींसाठी वापरली. डेन्मार्कच्या थॉमस याकोबसेन यांनी ती ‘हिटमॅन’ या खेळातल्या देहांसाठी आणि कापडासाठी वापरली आणि २००१ मध्ये एका निबंधात उलगडून सांगितली. खेळ बनवणाऱ्यांनी तो निबंध आजवर पुन्हा पुन्हा वाचला आहे. बारावीच्या गणिताच्या पलीकडचं त्यात फारसं काही लागत नाही.

आता यातून कोडं कसं निघेल ते पाहू. खेळणाऱ्याला मोजके पेळू द्यायचे आणि कातलेल्या सुताने काम करून घ्यायचं. एका पातळीवर विहिरीतून भरलेली कळशी वर काढायची, दुसरीवर नाल्याच्या पलीकडच्या खुंटीपर्यंत सूत पोचवायचं. जाड सूत कातलं तर वजन पेलतं, पण पेळू लवकर संपतो. बारीक सूत लांब जातं, पण ओझ्याखाली तुटतं. सुताचा नंबर हीच तर गोष्ट सांगतो. इंग्रजी मोजणीत ८४० वारांची एक लड धरतात आणि एका पौंडात जितक्या लडी भरतील तो सुताचा नंबर. १२ नंबरचं पौंडभर सूत १०,०८० वार भरतं आणि २० नंबरचं १६,८०० वार. १९२९ च्या स्पर्धेत १२ ते २० नंबरचं सूत मागितलं होतं. या एका ओढाताणीवर पाच पातळ्या आरामात उभ्या राहतील. वेगळी गोष्ट, पात्रं, संवाद यांची गरज नाही.

पाचच पातळ्या, आणि हे ठासून सांगायला हवं. शुक्रवारी रात्री खेळात रंगीत चौकोन आणि ठिपक्यांचा धागा यापलीकडे काही नसावं. शनिवारी दुपारपर्यंत एक पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता आली पाहिजे. ती जमली नाही तर कल्पना आणखी छाटावी, चित्रं रंगवत बसू नये. शनिवारी संध्याकाळी गटाबाहेरच्या कुणाला तरी बोलावून खेळ हातात द्यावा आणि गटातल्यांनी तोंड बंद ठेवून पाहावं. तो माणूस जिथे अडतो तिथे दोष खेळाचा असतो. चाक फिरवायचं आहे हे त्याला आपसूक कळलं नाही, तर सूचनेची पाटी लावण्यापेक्षा चाक मोठं करणं बरं. रात्री झोप घ्यावी, कारण पहाटे चारला केलेली दुरुस्ती सकाळी दहाला पुन्हा दुरुस्त करावी लागते. आवाज, रंग आणि शेवटची पाटी यांच्यासाठी रविवार पुरतो.

आणि खेळ मराठीत असावा. पूर्वी या साधनांमध्ये जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्या जागी जायच्या. २०२३ मध्ये आलेल्या ‘गोडॉट’च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट उमटते, फक्त अक्षरसंच देवनागरीचा द्यावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे अक्षरसंच मोफत आहेत. खेळ वेबपानाच्या रूपात काढला की आर्वीतला किंवा हिंगणघाटातला मुलगा तो मोबाइलवर उघडू शकतो आणि अंगठ्याने चाक फिरवू शकतो.

यात आणखी एक गोष्ट घडते, आणि वर्ध्याला तिची ओळख करून द्यावी लागू नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी झाली. झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने तो चालवला. हाताने काहीतरी घडवताना गणित आणि विज्ञान शिकायचं, तकली हे त्यासाठीचं एक साधन. परीक्षेत कोनीय वेगाचं सूत्र चुकलं तर दोन गुण जातात आणि विषय संपतो. खेळात ते चुकलं तर चाती वेड्यासारखी फिरते, सूत पडद्याबाहेर उडतं आणि चूक सापडेपर्यंत विद्यार्थी जागचा हलत नाही. ही शिकवणी कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही.

जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगीला अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, संगणक कक्ष आहेत आणि शनिवार-रविवारी ते कुलूपबंद असतात. ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस येतो आणि महाविद्यालयं आपली जागा त्यासाठी नोंदवू शकतात. प्राचार्यांनी एका वर्षी एवढंच करावं. दोन दिवस कक्ष उघडा ठेवावा, वीज आणि इंटरनेट चालू राहील असं पाहावं, एक प्राध्यापक सोबतीला द्यावा आणि मुलींच्या वसतिगृहाची परतीची वेळ त्या दोन रात्रींपुरती सैल करावी. नाहीतर अर्ध्या मुली संध्याकाळीच उठून जातील. आणि जॅमच्या आदल्या दिवशी सगळ्यांना मगन संग्रहालयात न्यावं.