मेन्यूत ‘जऊळका’चं ‘जऊळक’ होऊ नये म्हणून

फील्डवर्कच्या नोंदी वेबसाइटवर ठेवताना माझी गाडी मेन्यूपाशी अडली. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली तीन गावं होती. फूटरमध्ये ‘जऊळका रेल्वे’, ‘शिरपूर जैन’, ‘मेडशी’ अशी पूर्ण नावं हवी होती, आणि वरच्या मेन्यूत मोबाइलवर मावतील अशी छोटी.

नाव सगळीकडे सारखंच बदलायचं असेल तर कोड लागत नाही. वर्डप्रेसमध्ये मेन्यूच्या प्रत्येक आयटमला लेबलचा रकाना असतो. पण एकच मेन्यू दोन जागी वेगळा दाखवायचा, तर फिल्टर लागतो: ‘नॅव्ह_मेन्यू_आयटम_टायटल’. तो 2015 च्या 4.4 आवृत्तीपासून आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

1. कोड चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये लिहा. मूळ थीममध्ये लिहिला तर पुढच्या अपडेटला पुसला जातो.

2. हा फिल्टर शीर्षक, आयटम, मेन्यूची माहिती आणि पातळी अशा चार गोष्टी देतो. फिल्टर जोडताना प्राधान्य 10 आणि शेवटी 4 हा आकडा लिहा, नाहीतर फक्त शीर्षकच मिळतं. मेन्यूच्या माहितीतून जागा तपासा: वरचा मेन्यू असेल तरच बदल करा.

3. अट लागू होवो वा न होवो, शेवटी शीर्षक रिटर्न करा. विसरलात तर लेबलं कोरी दिसतील.

‘द_टायटल’ हा फिल्टर वापरायचा मोह टाळा. त्याने पानांचे मथळेही बदलतात.

आता खरी गंमत. मी ठरवलं, पहिली चार अक्षरं ठेवू. ‘सबस्ट्र’ बाइट मोजतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, म्हणून ‘ज’नंतर नुसता कचरा आला. ‘एमबी_सबस्ट्र’ चिन्हं मोजतं, पण काना-मात्राही वेगळं चिन्ह धरतं. मग झालं ‘जऊळक’, ‘शिरप’ आणि ‘मेडश’! ‘ग्राफीम_सबस्ट्र’ अक्षरं मोजतं, त्याने ‘जऊळका’, ‘शिरपूर’, ‘मेडशी’ नीट आलं. त्यासाठी सर्व्हरवर इंटल एक्स्टेन्शन लागतं, आणि जुन्या आवृत्त्यांत ‘ल्वे’सारखं जोडाक्षर तरीही तुटतं.

शेवटी मी कापाकापीच सोडली. आयटमच्या क्रमांकापुढे छोटं नाव हाताने लिहून यादी केली, फिल्टर तिथूनच नाव उचलतो. तीन गावांसाठी तीन ओळी. ‘जऊळक’ बघून एरर येत नाही, साइट चालूच राहते, आणि वाचणारा तेच गावाचं नाव समजून आपल्या टिपणात उतरवतो. संशोधनात अशी चूक शोधणं सगळ्यात अवघड.